हाताची घडी, तोंडावर बोट

फळ्यावर एक गणित लिहिलेलं आहे : ४ + ३ + ६ = __ + ६. चौथीतला एक मुलगा पुढे येतो आणि रिकाम्या जागी १३ लिहितो. 'कसं काढलंस?' असं विचारल्यावर सांगतो, 'चार, तीन आणि सहा मिळवले.' उत्तर चुकलं. तिथं ७ हवे होते. पण हे सांगताना त्याचा हात काय करत होता, हे ज्यानं पाहिलं असेल त्याला आणखी एक गोष्ट दिसली असेल. त्याचं बोट ४ वर गेलं, ३ वर गेलं, ६ वर गेलं आणि मग बरोबरच्या चिन्हापलीकडच्या ६ वरही जाऊन टेकलं. त्या दुसऱ्या सहाचा त्याच्या बोलण्यात उल्लेख नव्हता. जिभेला अजून न सापडलेली गणिताची दुसरी बाजू बोटाला सापडली होती.

शिकागो विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ सुझन गोल्डिन-मेडो यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून मुलांचं असं बोलणं चित्रफितींवर टिपलं आणि तोंडचे शब्द व हातांच्या हालचाली वेगवेगळ्या नोंदवून ताडून पाहिल्या. काही मुलांचे शब्द आणि हात एकच गोष्ट सांगत होते. काहींचे शब्द एक सांगत होते आणि हात दुसरंच. वरवर पाहता ही दुसरी मुलं गोंधळलेली वाटतात. मग सगळ्यांना तोच धडा शिकवला गेला, आणि त्याचा सर्वाधिक फायदा या 'गोंधळलेल्या' मुलांनाच झाला. ती समजण्याच्या उंबरठ्यावर उभी होती, आणि ते त्यांचे हात आधीच सांगत होते.

पाण्याच्या जुन्या प्रयोगातही हेच दिसलं. उंच पेल्यातलं पाणी मुलादेखत पसरट भांड्यात ओततात आणि विचारतात, 'पाणी तेवढंच आहे की कमी झालं?' लहान मूल म्हणतं, 'कमी झालं, कारण हे भांडं बुटकं आहे.' पण ते म्हणतानाच त्याचे दोन्ही तळवे कधीकधी भांड्याची रुंदी दाखवतात. उंचीबरोबर रुंदीही मोजायला हवी, हे त्याला जाणवू लागलेलं असतं. ते सांगायला शब्द मात्र अजून मिळालेले नसतात.

आता आपल्याकडच्या वर्गात येऊ. मराठी शाळेत शिकलेला माणूस कविता विसरेल, सनावळ्या विसरेल, पण एक आज्ञा विसरणार नाही : 'हाताची घडी, तोंडावर बोट!' एकाच खोलीत दोन-दोन इयत्ता, कधी साठ-सत्तर मुलं सांभाळणाऱ्या शिक्षकांनी ती पिढ्यानपिढ्या वापरली. त्यांना हवी होती फक्त शांतता. पण या आज्ञेत तोंडाबरोबर हातही बांधले जातात, आणि मुलाचं अर्धं बोलणं हातांत असतं.

हात विचार करतात तेव्हा

हातवारे समोरच्याला समजावं म्हणून केले जातात, असं आपण धरून चालतो. मग फोनवर बोलताना माणूस हात का हलवतो? पलीकडच्याला तर काहीच दिसत नसतं. १९९८ साली जाना आयव्हरसन आणि गोल्डिन-मेडो यांनी जन्मापासून दृष्टी नसलेल्या मुलांचा अभ्यास 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. या मुलांनी कुणाचेही हातवारे कधी पाहिलेले नव्हते. तरी बोलताना त्यांचे हात हलत होते. समोरचा माणूसही अंध आहे, हे माहीत असतानासुद्धा हलत होते. याचा अर्थ हातवारे केवळ पाहून शिकलेली सवय नाही. विचाराला शब्दांत आणण्याच्या कामात हातांचा स्वतःचा वाटा आहे.

पुढे संशोधकांनी प्रयोग उलटा करून पाहिला. मुलांचे हात आपोआप काय करतात हे बघण्याऐवजी त्यांना मुद्दाम हातवारे करायला शिकवलं. त्याच गणितात ४ आणि ३ या दोन आकड्यांखाली दोन बोटं धरायची आणि मग एक बोट रिकाम्या जागेकडे न्यायचं. हे दोन मिळवून तिकडे ठेवायचे, हे हातानं सांगायचं, तोंडानं नाही. अशी मुलं धड्यातून अधिक शिकली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात धड्याच्या वेळी हात वापरलेल्या मुलांना चार आठवड्यांनंतरही रीत आठवत होती, आणि केवळ तोंडी घोकलेल्यांपैकी बरीच मुलं ती विसरली होती.

आपल्या परंपरेला हे अपरिचित नाही. हिशेब बोटांच्या पेरांवर करायची पद्धत घराघरांत होती. एका बोटाची तीन पेरं, चार बोटांची बारा, आणि अंगठा मोजणारा. गाणं शिकताना टाळी आणि खाली हातानं दाखवल्याशिवाय ताल अंगात भिनत नाही. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे पाठक मंत्र म्हणताना उदात्त, अनुदात्त, स्वरित हे स्वर हाताच्या हालचालीनं दाखवतात, आणि शिकणारा मुलगा उच्चाराबरोबर ती हालचालही पाठ करतो. हल्ली गावोगावी निघालेल्या अ‍ॅबॅकसच्या वर्गात मुलं समोर मण्यांची पाटी नसताना हवेत बोटं चालवतात आणि मोठाल्या बेरजा करतात. ज्ञान स्मरणात ठेवायला शरीर कामी येतं, हे शिकवणाऱ्यांनी फार पूर्वी ओळखलं होतं. शाळेच्या बाकावर मात्र त्याच शरीराला स्थिर राहण्याची शिस्त लावली गेली.

अंगाची बाराखडी

शब्दांवाचून बोलण्याचा मराठी कोश भलताच श्रीमंत आहे. डोळे वटारणं, भुवया उंचावणं, नाक मुरडणं, कपाळाला आठ्या घालणं, तोंड फुगवणं, जीभ चावणं, दातओठ खाणं, मान डोलावणं, खांदे पाडणं, हात झटकणं, पाठ फिरवणं. यातल्या प्रत्येकाचा अर्थ शाळेत न जाता कळतो. व्यवहारातही अशा खुणा जागोजागी आहेत. एसटीचा वाहक एक घंटी देतो आणि गाडी थांबते. दोन देतो आणि निघते. गुरांच्या बाजारात हेडी आणि शेतकरी उपरण्याखाली हात घालून बोटं दाबत भाव ठरवत, आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांना आकडा कळत नसे. शेतमालाच्या बाजारात या पद्धतीला हत्ता म्हणत. बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला तो यामुळेच. बोटांची भाषा ज्याला येत नाही त्याची फसवणूक होऊ शकते.

भरताच्या नाट्यशास्त्रानं या बाराखडीची शिस्तशीर मांडणी केली. अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. डोक्याच्या १३ हालचाली, एका हाताच्या २४ मुद्रा, ३६ प्रकारच्या दृष्टी. यात सात्त्विक भावांची यादी फार बारकाईनं केलेली आहे : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. अंगावर काटा येणं, घाम फुटणं, आवाज कापरा होणं, चेहरा उतरणं. या गोष्टी माणूस ठरवून करत नाही. वर्गात उभं केलेल्या मुलाच्या बाबतीत नेमक्या याच घडतात. प्रश्न येताच त्याचा आवाज चिरकतो, तळहात ओले होतात. उत्तर येत असूनही भीतीनं अडकलेलं मूल आणि उत्तरच न येणारं मूल, या दोघांत फरक करायचा तर ही यादी शिक्षकाच्या उपयोगाची आहे.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कर्णबधिर व्यक्तींची सांकेतिक भाषा या प्रकारात मोडत नाही. तिला स्वतःचं व्याकरण आहे, शब्दसंग्रह आहे, आणि ती मराठी किंवा हिंदीइतकीच पूर्ण भाषा आहे. हातांनी बोलली जाते म्हणून तिला 'खाणाखुणा' म्हणणं चूक ठरेल.

चार्ल्स डार्विन यानं १८७२ साली माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावमुद्रांवर ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्यानं जगभरच्या परिचितांना प्रश्नावली पाठवली होती. आश्चर्य वाटलं की डोळे आणि तोंड उघडतं का, लाज वाटली की चेहरा लाल होतो का, असे ते प्रश्न. त्याला माहिती पुरवणाऱ्यांत तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यातले अर्स्किन नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी लोकांच्या चेहऱ्यांचं काळजीपूर्वक निरीक्षण केलं, पण खात्रीशीर निष्कर्ष काढणं त्यांना अवघड गेलं. डार्विननं त्याचं कारणही नोंदवलं आहे : युरोपियन माणसासमोर इथले लोक आपल्या भावना नेहमी लपवत असत.

नगरच्या शेतकऱ्याचा चेहरा बोलका नव्हता असं कोण म्हणेल? गोऱ्या साहेबापुढे मात्र तो कोरा होत होता. सत्ता समोर उभी राहिली की माणूस चेहरा मिटून घेतो. वर्गातलं मूल शिक्षकापुढे, नवखी सून सासरच्या ओसरीवर, रुग्ण डॉक्टरच्या टेबलापुढे हेच करतात. दुसऱ्याच्या अंगाची भाषा वाचायची असेल तर आधी त्याला ती बोलण्याची मोकळीक द्यावी लागते.

एका सेकंदाचा प्रश्न

मोकळीक मोजता येते का? मेरी बड रो या अमेरिकन विज्ञानशिक्षण-संशोधकांनी ती घड्याळावर मोजली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी प्राथमिक वर्गांतल्या संभाषणांच्या ध्वनिफिती जमवल्या आणि शिक्षकाचा प्रश्न संपल्यापासून त्यानं पुन्हा तोंड उघडेपर्यंतचा वेळ काढला. तो सरासरी एक सेकंद किंवा त्याहूनही कमी निघाला. एवढ्यात उत्तर आलं नाही, तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारत, दुसऱ्या मुलाकडे वळत किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होत. मुलाचं उत्तर संपल्यावरही शिक्षक तितक्याच घाईनं बोलू लागत.

रो यांनी शिक्षकांना एवढंच सांगितलं की दोन्ही जागी तीन सेकंद थांबा. हा बदल मोठा नाही. 'एक, दोन, तीन' एवढं मनात म्हणायचं. पण परिणाम ठळक होता. मुलांची उत्तरं लांबली, त्यांत कारणं येऊ लागली, 'माहीत नाही' हे उत्तर कमी झालं, मुलं एकमेकांच्या म्हणण्यावर बोलू लागली. ज्यांना शिक्षकांनी मंद मानलं होतं ती मुलंही हात वर करू लागली. रो यांच्या नोंदींत एक बोचरी गोष्टही होती. पूर्वी शिक्षक हुशार समजल्या गेलेल्या मुलांसाठी जास्त थांबत होते आणि मागे पडलेल्यांसाठी कमी. ज्याला वेळेची अधिक गरज होती त्यालाच तो कमी मिळत होता, आणि हे करताना कुणाच्या मनात वाईट हेतू नव्हता.

मौन हाही संवादच असतो. तीन सेकंदांच्या थांबण्यातून मुलाला कळतं की आपल्या उत्तराची वाट पाहिली जाते आहे. एका सेकंदात नजर दुसरीकडे वळली की तेही त्याला कळतं.

बर्लिनचा घोडा आणि शिक्षकाचा चेहरा

१९०४ साली बर्लिनमध्ये हान्स नावाच्या घोड्यानं खळबळ उडवली होती. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी काही वर्षं फळा घेऊन या घोड्याला शिकवलं होतं. 'सात आणि पाच किती?' असं विचारलं की हान्स खूर आपटायला लागे आणि बरोबर १२ वर थांबे. तज्ज्ञांची समिती बसली. तिला कोणतीही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण मानसशास्त्रज्ञानं चिकाटीनं प्रयोग केले. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर हान्स चुकत होता. विचारणारा हान्सला दिसत नसेल, तरीही चुकत होता. प्रश्न विचारल्यावर माणूस नकळत किंचित पुढे झुकून खुराकडे पाहत असे आणि योग्य आकडा आला की त्याचं डोकं जराशानं वर उचललं जाई. हान्सला गणित येत नव्हतं. त्याला माणसं वाचता येत होती. हे गुपित कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल पूर्णपणे रोखणं कठीण गेलं.

या प्रयोगांवरचं फुंग्स्टचं पुस्तक १९६५ साली पुन्हा इंग्रजीत छापलं गेलं तेव्हा त्याचं संपादन केलं रॉबर्ट रोझेन्थाल या मानसशास्त्रज्ञानं. त्याच सुमारास ते वेगळाच प्रयोग करत होते. घोडा जर माणसाच्या मानेतली अपेक्षा वाचतो, तर मूल शिक्षकाची अपेक्षा वाचत नसेल का? मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांच्या सहकार्यानं कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांची बुद्धिचाचणी घेतली गेली. मग सुमारे २० टक्के मुलांची नावं शिक्षकांना देऊन सांगण्यात आलं की ही मुलं यंदा चमकणार आहेत. ती नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीच्या वर्गांत या मुलांचे गुण इतरांपेक्षा जास्त वाढलेले दिसले. १९६८ साली हे पुस्तकरूपानं आलं आणि त्यावर मोठा वाद झाला. चाचणीच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतले गेले. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचा निष्कर्ष असा की शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम खरा आहे, पण त्या गाजावाजाच्या मानानं लहान आहे, आणि जी मुलं आधीच उपेक्षित असतात त्यांच्यावर तो अधिक होऊ शकतो.

अपेक्षा पोहोचते कशी, याचंही उत्तर रोझेन्थाल यांनी शोधलं. ज्या मुलाकडून आशा असते त्याच्याशी शिक्षक अधिक आपुलकीनं वागतो, त्याला जास्त शिकवतो, त्याला उत्तर द्यायला जास्त संधी देतो आणि त्याच्या उत्तरावर अधिक नेमकं बोलतो. यातली पहिली गोष्ट जवळजवळ पूर्णपणे निःशब्द असते. ती हसण्यात असते, मान डोलावण्यात असते, बाकाजवळ येऊन वहीत डोकावण्यात असते.

याच परंपरेतलं पुढचं नाव एका भारतीय संशोधिकेचं आहे. मूळच्या केरळच्या नलिनी अंबाडी हार्वर्डमध्ये रोझेन्थाल यांच्या विद्यार्थिनी होत्या. १९९३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ शिक्षकांच्या तासांमधले दहा-दहा सेकंदांचे तीन तुकडे घेतले, त्यांचा आवाज काढून टाकला आणि त्या शिक्षकांना कधीही न भेटलेल्या लोकांना दाखवले. अवघ्या ३० सेकंदांच्या मुक्या चित्रावरून या लोकांनी दिलेले गुण, सत्र संपल्यावर त्याच शिक्षकांच्या विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी मोठ्या प्रमाणात जुळले. उत्साही, मोकळे, आश्वासक दिसणारे शिक्षक वर पोहोचले. आठ्या घालणारे आणि हातांशी चाळा करणारे खाली गेले.

इथं सावध राहायला हवं. विद्यार्थ्यांना आवडणं आणि विद्यार्थी शिकणं या दोन गोष्टी एक नाहीत. उत्तम शिकवणारा शिक्षक शांत, अबोलही असू शकतो. पण शिक्षकाविषयीचं मत किती लवकर बनतं, हे या प्रयोगानं दाखवलं. जूनमध्ये नव्या बाई वर्गाच्या दारातून टेबलापर्यंत चालत येतात, तेवढ्यात मुलांचं पहिलं मत तयार होऊ लागलेलं असतं.

'माझ्याकडे बघून बोल'

मुलाला प्रश्न विचारला की ते छताकडे, खिडकीबाहेर किंवा पायाच्या अंगठ्याकडे बघू लागतं. मोठ्या माणसाला ते दुर्लक्ष वाटतं आणि हुकूम सुटतो, 'माझ्याकडे बघून बोल!' स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठाच्या ग्विनेथ डोहर्टी-स्नेडन यांनी या नजर वळवण्याचाच अभ्यास केला. माणसाचा चेहरा हा माहितीचा मोठा साठा असतो. तो वाचायला मेंदूला मेहनत पडते. अवघड प्रश्नाचा विचार करताना माणूस ती मेहनत वाचवण्यासाठी नजर बाजूला नेतो. आठ वर्षांची मुलं हे मोठ्यांसारखंच करतात. पाच वर्षांची मुलं कमी करतात. संशोधकांनी पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना नजर वळवायला शिकवलं तेव्हा त्यांची उत्तरं सुधारली. म्हणजे खिडकीकडे बघणारं मूल कित्येकदा मन लावून विचार करत असतं, आणि त्याची नजर बळानं स्वतःकडे ओढणारा शिक्षक त्याचा विचारच तोडतो.

नजरेला संस्काराचाही अर्थ असतो. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणं हा आदर मानला गेला. खेड्यातून शहरात आलेला तरुण मुलाखतीला बसला की याच सवयीमुळे 'आत्मविश्वास कमी' असा शेरा पदरी घेऊन परततो. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज या मूलनिवासींच्या वसाहतीत सुझन फिलिप्स या संशोधिकेनं अनेक वर्षं काम केलं. तिथली मुलं सगळ्यांसमोर एकेकट्यानं उभं करून विचारलं की गप्प राहत, आणि शिक्षक त्यांना नाखूश किंवा मंद समजत. पण गटानं काम दिलं, किंवा शिक्षक बाकापाशी येऊन हळू बोलले, की तीच मुलं खुलत. घरी त्यांना मोठ्यांकडे बघत शिकायची सवय होती. चारचौघांत चुकून दाखवायची नव्हती.

हे मेळघाटात किंवा गडचिरोलीत शिकवणाऱ्याला नवं वाटणार नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गोंडी द्रविड कुळातली. या घरांतलं मूल पहिलीत येतं तेव्हा बाईंच्या मराठीतला शब्द न् शब्द त्याला परका असतो. त्याला वाचता येते ती एकच गोष्ट, बाईंचा चेहरा. शाळेत उद्या यायचं की नाही, हे ते मूल बहुधा त्या चेहऱ्यावरूनच ठरवतं.

कुठं बसावं, कुठं उभं राहावं

अंतरही बोलतं. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञानं १९६६ साली माणसामाणसांतल्या अंतराचे पट्टे मांडले. साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत जिव्हाळ्याची माणसं, सव्वा मीटरपर्यंत ओळखीचे, त्यापुढे कामापुरते आणि साडेतीन मीटरपलीकडे श्रोते. ही मापं अमेरिकेतल्या मध्यमवर्गाची आहेत आणि ती सगळीकडे लागू होत नाहीत, हे त्यानं स्वतःच सांगितलं होतं. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये हे सारे पट्टे मोडतात. मग माणसं दुसरा उपाय करतात. खांद्याला खांदा लागलेला असतो, पण नजर मोबाइलमध्ये किंवा पंख्यावर असते. मायकेल अर्गाइल आणि जॅनेट डीन यांनी १९६५ साली हेच दाखवलं होतं : शरीरं जवळ आली की नजरा दूर जातात आणि माणूस आपला तोल सांभाळतो.

वर्गात अंतराची किंमत मुलं मोजतात. रेमंड अ‍ॅडम्स आणि ब्रूस बिडल यांनी १९७० साली वर्गांच्या चित्रणांवरून दाखवलं की शिक्षकाचं बहुतेक बोलणं पहिल्या रांगेतल्या आणि मधल्या ओळीतल्या मुलांशी होतं. कोपऱ्यातली आणि मागच्या बाकांवरची मुलं एकाच खोलीत असून वर्गाबाहेर राहतात. २०२५ साली केरळमधल्या काही शाळांनी 'स्थानार्थी श्रीकुट्टन' या मल्याळम चित्रपटावरून प्रेरणा घेऊन बाकं इंग्रजी यू अक्षरासारखी मांडली, म्हणजे मागचा बाक उरतच नाही. मोठ्या पटाच्या वर्गात हे जमणं कठीण आहे. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक वर्गासाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवलं, त्याचं महत्त्व इथं कळतं. तिसाव्या मुलाचा चेहरा दिसू शकतो, सत्तराव्याचा दिसत नाही.

महाराष्ट्रात अंतराचा हा प्रश्न ताराबाई मोडक यांनी मुळापासून सोडवायचा प्रयत्न केला. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर चालवलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर शाळा त्यांच्या अंगणात गेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. झाडाखाली, मुलांच्या बरोबरीनं जमिनीवर बसलेली शिक्षिका एक शब्द बोलण्याआधीच मुलाला सांगते की हे ठिकाण तुझं आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या सगळ्याची किंमत एकदम लक्षात आली. मोबाइलच्या पडद्यावर शिक्षकांना दिसायचे काळे चौकोन आणि त्यांवर लिहिलेली नावं. समजलं की नाही हे मुलाच्या भुवईवरून ओळखणाऱ्या शिक्षकांना 'समजलं का?' हे तोंडानं विचारावं लागलं, आणि त्याला 'हो' याशिवाय उत्तर येत नव्हतं.

९३ टक्क्यांची अफवा

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत एक आकडा हमखास फेकला जातो : संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांवाचून होतो, शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के. हे खरं असतं तर परक्या भाषेतलं व्याख्यान आपल्याला ९३ टक्के कळलं असतं. हा आकडा आला अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन छोट्या प्रयोगांतून. त्यांत एकेकटे शब्द वेगवेगळ्या आवाजांत ऐकवले होते, चेहऱ्याचे फोटो दाखवले होते, आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढंच ओळखायचं होतं. शब्द आणि सूर एकमेकांच्या विरोधात असतील, तर माणूस सुरावर आणि चेहऱ्यावर विश्वास ठेवतो, इतकाच त्याचा अर्थ. भावना आणि आवडनिवड यांपलीकडे हे सूत्र लागू होत नाही, असं मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट केलं आहे.

दुसरी समजूत अधिक घातक आहे. चेहऱ्यावरून खोटं पकडता येतं, असं पुष्कळ शिक्षकांना आणि पालकांना ठामपणे वाटतं. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी २००६ साली या विषयावरचे शेकडो प्रयोग एकत्र तपासले. खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरली. नाणं उडवलं तरी ५० टक्के जमतं. नजर चुकवली म्हणून मुलाला खोटारडं ठरवून शिक्षा करणारा मोठा माणूस जवळजवळ निम्म्या वेळा अन्याय करत असतो.

अंगाच्या भाषेला शब्दकोश लावता येत नाही. पाश्चात्त्य पुस्तकं सांगतात की छातीशी हात बांधलेला माणूस मनानं बंद आहे. आपल्या वर्गात तसेच हात बांधून बसलेली चाळीस मुलं फक्त आज्ञा पाळत असतात. बल्गेरियात मान वर-खाली केली तर 'नाही' होतं. आपल्याकडे डावी-उजवीकडे डोलणारी मान 'बरं', 'कळलं', 'बघू' यांपैकी काहीही असू शकते. एकटी खूण फसवते. म्हणून खूण दिसली की निकाल देऊ नये, प्रश्न विचारावा : 'तू आता हातानं काय दाखवलंस? पुन्हा दाखव.'

त्या चौथीतल्या मुलाला हा प्रश्न कुणी विचारला असता तर त्याचं बोट पुन्हा चार, तीन, सहा आणि पलीकडच्या सहावर गेलं असतं, आणि या वेळी त्यानं स्वतःच ते पाहिलं असतं. वर्गात असो वा घरात अभ्यासाला बसलेलं असो, मुलाला पुढचं गणित घालाल तेव्हा प्रश्न संपल्यावर मनात तीन मोजा. त्याची नजर खिडकीकडे गेली तर जाऊ द्या. आणि त्याच्या हातांची घडी सोडवा.